दळणाच्या वहीतले पक्षी

हिवरखेड्याच्या नाक्यापाशी स्कूटर लावली
तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं.
दुर्बिणीच्या काचेवर माझाच श्वास बसलेला.
उमेमानं ओढणी कानावरून मागं सारली.
मी मफलर सोडलाच नाही.
काय फरक पडतो.

एकतीस वर्षं कन्नडच्या बाजारगल्लीत
गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभा राहिलो.
ज्वारी, बाजरी, लग्नाची हळकुंडं,
रमजान आला की शेवयांचा गहू.
मोटार बोलायची,
गिऱ्हाइकाशी हिशेब बोटांवर.
जातं कानातलंही दळत असतं
हे कुणी सांगितलं नाही,
आणि हेही नाही, की आधी पडतं ते बारीक.

पहिल्यांदा गेले चष्मेवाले.
बोरीची फांदी हलायची, बिनआवाजी.
मला वाटलं, गारठ्यानं गप असतील.
मग शिंजीर. मागच्या पोळ्याला वटवट्या:
शेपूट वर, चोच उघडी, गळा नुसता थरथरतोय,
आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा.
कावळा आहे अजून. भारद्वाज आहे.
होला तर छातीत घुमतो.
जाडंभरडं सगळं शिल्लक आहे.

पायवाट चढते सागातून.
पानं पापडासारखी मोडतात म्हणते ती,
मला ती तळव्यांतून कळतात,
गिरणीची फरशी कळायची तशी.
उमेमा पुढं. मुजीब सायकलवाल्याची थोरली, बारावीला.
लहानपणी दळणाच्या रांगेत डबा उपडा करून बसायची,
मी पीठ सांडलेल्या फळीवर बोटानं
चोचींचे आकार काढून दाखवायचो.
आता तिच्या चुका काढायला
माझ्याकडं कान नाही.

"चाचा, थांबा. बोललं."
मी मान डोलावली.
दोन पावलं गेली, वळली.
"ऐकलं नाही ना तुम्ही?"
मी बुटांकडं बघत राहिलो.
शिवणीत अजून पीठ आहे.

मग तिनं माझी काठी धरली खालच्या टोकाला
आणि नखानं वाजवली:
टिप, टिप,
आणि एक लांब घसरती रेघ
लाकडावरून थेट माझ्या मुठीत.
पुन्हा एकदा. टिप, टिप, रेघ.
"सुभग!" मी ओरडलो,
बहिऱ्याला आपला आवाज कुठं कळतो.
सालईतून पिवळं काहीतरी उडालं, गेलं.
ती इतकी हसली की खाली बसली.
"आला असता ना हो खाली! उडवला तुम्ही."

वर कडा संपतो तिथं
खाली सगळा खानदेश, धुरकट, ताटात सांडल्यागत.
एक सर्पगरुड आमच्याही खालून फिरत गेला.
गरुडाची पाठ बघायला मिळते ती इथंच.
डोळे ठीक आहेत. डोळ्यांचं काही म्हणणं नाही.
भाकर, ठेचा, तिच्या डब्यातलं खिमा-मटार,
वाऱ्यानं कागद उडाला तो तिनं पळत जाऊन आणला.

वही काढली. गिरणीचीच, लाल कापडी पुठ्ठ्याची,
वीसेक पानं कोरी राहिली होती ती.
छापील खाने: नाव. वजन. पैसे.
नावात लिहिलं: सुभग, एक, नर.
वजनाच्या खान्यात मी दिसला की ऐकला ते लिहितो.
बराच वेळ पेन तिथंच.
शेवटी लिहिलं: उमेमानं ऐकला. काठीवर.
पैशाचा खाना मोकळा असतो नेहमी.
तिनं वाकून बघितलं, पेन ओढून घेतलं
आणि तिथं लिहिलं, बाकी.
"कुणाकडं?" मी विचारलं.
ती काहीतरी म्हणाली.
वारा होता. मी पुन्हा विचारलं नाही.

उतरताना पुढं मी, मागं ती.
काठी आडवी, एक टोक तिच्याकडं.
चंदन नाल्यापर्यंत चार वेळा वाजली.
तीन ओळखले.
चौथा दोघांनाही नवा होता.